गोलातला वाल

रोह्यात नदीपासून दोन गल्ल्या आत हैबतराव मरवडे यांचं घर होतं, आणि त्या घराच्या लादीवर रोज रात्री फुटबॉलचा सामना रंगायचा. एका बाजूला अकरा कडवे वाल, दुसऱ्या बाजूला अकरा चिंचोके. हैबतराव मधे उकिडवे बसून एकेक दाणा बोटानं सरकवायचे आणि त्याला दम भरायचे, "अरे, मागं बघ, तुझा माणूस मोकळा सुटलाय." शेजारच्या सगुणावहिनी आमटीची वाटी घेऊन यायच्या त्या दारातच थबकायच्या. "काय ओ भावोजी, लादीवर पेरणी काढलीत व्हय? शेंगा धरल्या की आमाला पण द्या." हैबतराव हसून वाटी घ्यायचे, आणि वहिनींची पाठ वळली की पुन्हा दाण्यांपाशी.

आता तुम्ही म्हणाल, पेणच्या कॉलेजात जिमखाना सांभाळणारा, निवृत्तीला टेकलेला माणूस वालाशी बोलतो म्हणजे डोकं फिरलं की काय. डोकं ठिकाणावर होतं. घर रिकामं होतं. रंभाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. लेक अपेक्षा बंगळूरला, तिचा फोन रविवारी यायचा आणि "बाबा, जेवलात का?" एवढ्यात उरकायचा. बाकीच्या दिवशी बोलायचं कुणाशी? भिंतीपेक्षा वाल बरे.

पण संघ बांधावा तर हैबतरावांनीच. त्यांचं शास्त्र पुस्तकातलं नव्हतं. नवा पोरगा मैदानावर आला की ते त्याला चेंडू देत नसत, घरी काय काम करतोस ते विचारत. खाडीकडच्या, मिठागरात पायानं चिखल तुडवत वाढलेल्या पोराचे पाय ओल्या मैदानात घसरत नाहीत, म्हणून तो बचावाला. भातशेतीतला पोरगा वाकून वाकून कंटाळत नाही, म्हणून तो मधे, दिवसभर पळायला. "पोराला बदलायला जाऊ नये," ते म्हणत. "जे अंगात आहे ते ओळखून जागा द्यावी. आणि संघ असा बांधावा की कुणावाचून अडता कामा नये." हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडी इतकं असायचं की पोरं पाठीमागे त्यांची नक्कल करायची. दर तीन वर्षांनी जमलेला संघ मोडायचा, निम्मी पोरं डोलवीला कंपनीत शिफ्टला लागायची, आणि हैबतराव पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

यंदा मात्र त्यांचं स्वतःचंच शास्त्र चुकलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

गोलात साईराज पाटील उभा राहायचा. हमरापूरचा, गणपतीच्या कारखान्यातला. लहानपणापासून मूर्ती उचलून ठेवलेले हात; चेंडू हातात आला की असा धरायचा जणू निसटला तर सोंड मोडेल. त्याच्या हातमोज्यांना कायम सोनेरी रंग लागलेला असायचा. सराव संपला, बाकीची पोरं पांगली, की साईराज थांबायचा. "सर, अजून थोडं." मग हैबतराव त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला चेंडू मारत राहायचे, अंधार पडेपर्यंत. नंतर नाक्यावर दोन चहा. साईराज बोलायचा भरपूर, आणि हैबतराव ऐकायचे. रोह्याची एक गाडी सुटायची, ते दुसरीची वाट बघायचे.

साहिल ठाकूर नावाचा खाडीकडचा पोरगा वर्षभर मागे लागला होता, "सर, मला बी गोलात उभं करा ना." हैबतरावांनी त्याला हसण्यावारी नेलं. "तुझे पाय फुकट जातील रे." खरं कारण पायांचं नव्हतं. दुसरा गोलकीपर तयार केला असता तर संध्याकाळचा तो वेळ दोघांत वाटावा लागला असता, आणि तो वेळ म्हाताऱ्याला वाटायचा नव्हता. कुणावाचून अडू नये म्हणणाऱ्यानं स्वतःचंच अडवून ठेवलं होतं.

आषाढात अशाच एका चहाला साईराजनं विचारलं होतं, "सर, तुमच्याकडं गणपती नाय बसत?"

"बसायचा. ही गेल्यापासून नाही आणला."

"मग पाट आणून द्या. मूर्ती मी करतो. डोळे आमचे बाबा काढतील. त्यांच्यासारखी आखणी अख्ख्या पेणात नाय."

आमच्याकडे घरचा पाट मूर्तिकाराकडे द्यायचा असतो. त्याच पाटावर मूर्ती घडते आणि त्याच पाटावर घरी येते. दुसऱ्या दिवशी हैबतराव रंभाबाईंचा सागवानी पाट पिशवीत घालून गाडीत बसले. एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता. पाट साईराजच्या हातात देताना त्यांना उगाचच लाजल्यासारखं झालं.

गणपती पंधरा दिवसांवर आले तेव्हा विभागाची अंतिम फेरी एका आठवड्यावर होती, आणि तीही रोह्यात, रोह्याच्याच कॉलेजाशी. आजवर पेणनं ती कधी जिंकली नव्हती. हैबतरावांचं हे शेवटचं वर्ष. जिंकायची त्यांना इतकी आस लागली होती की ते झोपेतही शिट्टी वाजवत असतील.

त्या संध्याकाळी साईराजचे वडील दत्तात्रेय पाटील मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. आखणीत नाव काढलेला माणूस. मोठमोठ्या घरांतून लोक सांगून ठेवायचे, डोळे दत्तूदादांच्याच हातचे हवेत. साईराज आठवडाभर सरावाला आला नव्हता. कारखान्यात कामाची घाई होती.

"सर, तुमाला एक सांगायचं हाय. कुणाला बोलू नका." दत्तात्रेयांनी उजवा हात पुढे केला. हात आपोआप थरथरत होता, पिंपळाच्या पानासारखा. "दोन वर्सं झाली. डोळे मी नाय काढत. साईराज काढतो. गिऱ्हाइकाला वाटतं माझाच हात."

दत्तात्रेयांनी तो हात दुसऱ्या हातानं धरला.

"सगळ्या मूर्ती उभ्या हायत, सर, रंगून तयार. पन डोळे नायत. त्या सामन्यात पोराचं एक बोट जरी मुरगळलं ना, तर मी लोकांना काय देऊ? डोळ्यावाचून ती मातीच."

"तुम्ही त्याला सांगा ना, दत्तूदादा."

"माझं ऐकनार नाय तो. भांडंल, आन् येईल. तुमाला देव मानतो. आन् मी हितं आलो व्हतो ते पन सांगू नका. बापाचा हात गेला हे त्यानं गावात कुनाला कळू दिलं नाय. मी सोताच तोंडानं सांगितलं असं कळलं तर त्याला लई लागंल."

"नाही सांगणार. शब्द दिला," हैबतराव म्हणाले.

त्या रात्री हैबतरावांनी वाल मांडले, आणि गोलातला दाणा उचलून मुठीत धरला. चिंचोके रिकाम्या गोलाकडे तोंड करून बसले होते. एक मन म्हणत होतं, एकच सामना आहे, बोटांना पट्ट्या बांधू, काही होत नाही. दुसरं मन त्या मनाच्या कानफटात मारत होतं. शेवटी त्यांनी उजव्या बचावातला, साहिलचा, दाणा उचलला आणि गोलात ठेवला. मुठीतला दाणा खिशात टाकला. आमटी निवून गेली होती, ती तशीच प्यायली.

दुसऱ्या दिवशी ते हमरापूरला गेले. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मूर्तीला मूर्ती लागून उभ्या, सगळ्यांचे चेहरे गुलाबी, गुळगुळीत, आणि डोळ्यांच्या जागी कोरं. साईराज ब्रश ठेवून धावत आला. "सर! तुम्ही कशाला आलात? मी उद्या येतो सरावाला. दिवसरात्र बसून संपवतोय सगळं."

"येऊ नकोस," हैबतराव म्हणाले. "गोलात साहिल राहील."

साईराजला आधी ती थट्टाच वाटली. "साहिल? सर, त्याला झेप कुठं घेता येते?"

"शिकेल. तुझं लक्ष नाही खेळात. आठवडाभर मैदानावर तोंड दाखवलं नाहीस."

"सर, इथं काम..."

"कारणं सांगू नकोस. संघात कुणावाचून अडत नाही."

शंभरदा ऐकून पोरं ज्या वाक्याची नक्कल करत, ते त्या दिवशी साईराजला सुरीसारखं लागलं. त्याचा चेहरा उतरला. मागे दत्तात्रेय उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि विनाकारण एक रंगाचा डबा इकडचा तिकडे ठेवला. साईराज वळला, आपल्या जागी जाऊन बसला आणि त्यानं ब्रश उचलला. हैबतराव रस्त्यावर आले तेव्हा त्यांना रडू येत होतं. निवृत्तीच्या वयाच्या माणसानं रस्त्यात रडू नये म्हणून ते उगाच रुमालानं चष्मा पुसत राहिले.

पुढचा आठवडा त्यांनी साहिलला पिळून काढला. पोराला झेप घेता येईना, हात चेंडूच्या आधी किंवा नंतर पोचायचे. तिसऱ्या दिवशी हैबतराव चिडले, आणि मग स्वतःवरच चिडले. ज्याच्या अंगात साईराज नाही त्याला ते साईराज करायला निघाले होते. "हात विसर," ते म्हणाले. "मिठागरात उभा राहतोस तसा उभा राहा. पुढं ये, पाय घाल." साहिल हसला. त्याला ते समजलं.

रोह्याच्या मैदानावर पोरं रिंगण करून उभी राहिली. पेणची ही जुनी पद्धत: हैबतराव "गणपती बाप्पा" म्हणायचे आणि पोरं "मोरया". त्यात पहिला आवाज नेहमी साईराजचा यायचा, बाकीच्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठा. त्या दिवशी हैबतरावांनी हाक दिली आणि एक क्षण कुणीच काही बोललं नाही, कारण सगळी त्याच आवाजाची वाट बघत होती. मग कुणीतरी पुटपुटलं आणि बाकीच्यांनी ओढून नेलं.

सामना चिखलातच झाला. कप्तान निकेशनं मध्यंतराच्या आधी गोल केला, आणि त्यानंतर रोह्याची पोरं नुसती तुटून पडली. अगदी शेवटी त्यांचा एकजण एकटाच गोलापाशी पोचला. साहिलनं झेप घेतली नाही. तो पुढे आला, पाय रोवला आणि आडवा घातला, आणि चेंडू त्याच्या नडगीला लागून बाहेर गेला. पेण जिंकलं. पोरांनी साहिलला खांद्यावर घेतलं, चिखलात लोळले, एकमेकांच्या तोंडाला चिखल फासला. हैबतरावही हसत होते. पण आतून त्यांना कळलं, कुणावाचून अडत नाही असं आपण साईराजशी खोटं बोललो होतो आणि या पोरांनी ते खरं करून दाखवलं. आता ते परत घेता येणार नव्हतं.

टेम्पो पोरांना घेऊन पेणला निघाला. गडबडीत सर रोह्यातच राहतात हे सगळ्यांना आठवलं आणि त्यांना बोलवायचं मात्र कुणाला आठवलं नाही. जाता जाता निकेश ओरडला, "सर, साईराजला फोन लावला व्हता, उचलत नाय!" टेम्पो पुलापलीकडे दिसेनासा होईपर्यंत हैबतराव हात हलवत उभे होते. मग चिंचा वेचल्यासारखे मैदानात पडलेले झेंडे एकेक गोळा केले आणि चालत घरी गेले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते रिक्षा करून हमरापूरला गेले. सगुणावहिनींनी विचारलं होतं, "सोबतीला येऊ का? एकट्यानं बाप्पा आनतात का कुठं?" ते नको म्हणाले होते. रिक्षा रस्त्यावर थांबवून ते गल्लीत शिरले तर कारखान्यापुढे जत्रा. घराघरांतली माणसं, टोप्या घातलेली पोरं, टाळ, झांजा. मूर्ती उचलली की पंधरा गळे एकदम गर्जायचे. हैबतराव कडेला उभे राहिले. गर्दी ओसरली, दत्तात्रेय टेम्पोबरोबर पेणला गेले, तेव्हा ते आत शिरले.

साईराज एकटाच होता, उरलेल्या मूर्तींपाशी, दाराकडे पाठ करून ब्रश चालवत बसलेला. त्यानं मान न वळवता कोपऱ्याकडे बोट दाखवलं. टवका उडालेला पाट, त्यावर हातभर मूर्ती. डोळे किंचित झुकलेले, शांत, आपल्याकडेच बघणारे. हैबतरावांनी हात जोडले.

"साहिल चांगला खेळला म्हने," साईराज म्हणाला.

"हो."

"पायानं अडवला."

"हो."

"म्हंजे बरोबर व्हतं तुमचं. कुनावाचून अडत नाय."

अडलं होतं रे. संघाचं नाही, माझं अडलं होतं. हे वाक्य हैबतरावांच्या ओठापर्यंत आलं. पण ते बोललं तर पुढचं सगळंच बोलावं लागणार होतं, तो थरथरणारा हात, मैदानाच्या कडेला उभा राहिलेला बाप. त्यांनी दत्तूदादांना शब्द दिला होता. ते मूर्तीकडे बघत म्हणाले, "डोळे फार सुंदर झालेत. तुझ्या बाबांचा हात अजून तसाच आहे. देवानं तो असाच जपावा."

साईराजचा ब्रश थांबला. त्यानं मान वळवून आधी हैबतरावांकडे, मग आपल्याच बोटांकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "बाबांचाच."

हैबतरावांनी मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला, पाट दोन्ही हातांवर पेलला आणि दाराशी आले. बाप्पाला मुक्यानं उंबरा ओलांडू देत नाहीत. बाहेर गल्लीत कुणीही नव्हतं. त्यांनी खाकरून घसा मोकळा केला.

"गणपती बाप्पा..."

हाक गल्लीत गेली आणि तशीच राहिली. ते पुढं पाऊल टाकणार, तेवढ्यात मागून, मैदानात यायचा तसा, दणदणीत आवाज आला.

"मोरया!"

हाक तीनदा द्यायची असते. हैबतरावांना दुसऱ्यांदा द्यायला आवाजच फुटला नाही. ते पाट छातीशी धरून दारात उभे राहिले, आणि आतून साईराज म्हणाला, "म्हना सर, मी हाय."