‘झालं’ असं मी म्हटलंच नव्हतं

मित्रांनो, हिंगणीजवळच्या एका रक्त तपासणी केंद्रात, कपाटावर, जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळ्यांमागे जी हार्ड डिस्क पडली आहे, ती मी. जुनी आहे, पण खोटारडी नाही. हे आधीच सांगून ठेवते.

सहा वर्षं सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या सगळ्या नोंदी मी पोटात सांभाळल्या. तीन टेबलांवरून नोंदी यायच्या. एकेक नोंद माझ्या चकतीवर पक्की उतरली, की मगच पडद्यावर ‘जतन झाले’ असं यायचं. मग केंद्र चालवणाऱ्या आनंदाबाई पत्ता आणि निकाल लिहिलेली कागदी चिठ्ठी टराटरा फाडायच्या. कोणाचा आजार चारचौघांत जाऊ नये, हा त्यांचा नियम. “माही डिस्क हो म्हणे म्हंजे झालं,” असं त्या सांगायच्या. मला केवढा अभिमान वाटायचा!

पण मी हळू. रांग लांबायची, लोक कुरकुरायचे. मग संगणक सांभाळणाऱ्या प्रेमदासने एक सेटिंग बदललं. आता नोंद नुसती संगणकाच्या मेमरीत, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या जागेत, पोचली तरी पडदा ‘जतन झाले’ म्हणायचा. माझ्याकडे ती मागाहून, सवडीने यायची. “पाहा बाई, कसं भरभर होऊन राह्यलं!” प्रेमदास खूश. मला कोण विचारतो!

एका दुपारी वीज गेली. मेमरी पुसली गेली आणि अकरा नोंदी माझ्यापर्यंत आल्याच नाहीत. चिठ्ठ्या तर फाडून झाल्या होत्या. त्यांत तपासणीला आलेल्या दामिनीच्या तान्ह्या लेकीचा अहवाल होता. आजार निघाला होता, औषध लगेच सुरू करायचं होतं, आणि पत्ता कुठेच उरला नव्हता.

“डिस्कच खराब हाये,” प्रेमदास म्हणाला आणि मला काढून कपाटावर टाकलं. बाईंनीही मान डोलावली. ते मला फार लागलं.

आठवणीत राहिलेल्या नुसत्या नावावरून बाई चार दिवस गावोगाव फिरल्या. पाचव्या दिवशी दामिनी सापडली आणि लेकीचं औषध सुरू झालं.

पुढे सिंदी मेघेहून नंदिनी आली. ती संगणक शिकलेली. मला तपासून म्हणाली, “इचा काई दोष नाई. इनं लिहिलंच नोतं, अन् तुमी झालं म्हणून मोकळे!” माझ्या जागी बसवलेल्या नव्या डिस्कला तिने तिन्ही टेबलांच्या नोंदी जमवून एका दमात लिहायला लावल्या; लिहून झाल्यावरच ‘जतन झाले’. रांग भरभर सरते, खोटंही नाही. एवढं सोपं होतं हो!

बाईंनी मला पदराने पुसलं. “चुकलं माय,” म्हणाल्या, आणि परत कपाटावर ठेवलं. इथे माझ्याशी कोणी बोलत नाही.

मित्रांनो, आम्हाला घाई करा, पण काम उरकायच्या आधी आमच्या नावाने ‘झालं’ म्हणू नका. त्या लेकीचं नाव माझ्यावर कधी आलंच नाही. तेवढी जागा अजून रिकामी आहे.