टिटवीचं ओलं पोट

धर्मराज मास्तरांना प्राण्यांची माहिती सांगायचा नाद होता आणि त्यावर पनवेलात त्यांचं थोडंफार नावही झालं होतं. शनिवारी शाळा सुटली तरी सातवीची पोरं उठायची नाहीत. एवढ्या लांब मानेच्या जिराफालाही मानेत माणसासारखी सातच हाडं असतात, उंटाच्या वशिंडात पाणी नसून चरबी असते, शहामृग वाळूत डोकं खुपसून बसतं ही नुसती समजूत आहे, असं ते सांगायचे. सगळं पुस्तकांतलं. बायको हौसा शिकलेली नव्हती. ती कामोठ्याची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण प्राण्यांविषयी तिच्याशी बोलावं असं मास्तरांच्या कधी मनात आलं नव्हतं.

सत्तावन्न साली वाचनालयात त्यांचं व्याख्यान झालं. ते ऐकायला बद्रुद्दीन नावाचे एक साठीचे गृहस्थ आले होते. मूळचे पनवेलचेच, पण नोकरी मुंबईत. सुट्टीत बहिणीकडे यायचे आणि गळ्यात दुर्बीण अडकवून खाडीकाठी पक्षी बघत हिंडायचे. व्याख्यान त्यांना आवडलं. रविवारी घरी येऊ का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मास्तरांची छाती फुगली.

रविवारी चहा घेता घेता बद्रुद्दीननी आपली अडचण सांगितली. टिटवी मिठागराच्या बांधावर उघड्यावरच अंडी घालते. चैत्रातल्या उन्हात तिथे पाय ठेववत नाही, मग अंडी शिजत कशी नाहीत? मास्तर म्हणाले, पक्षीण सावली धरून उभी राहत असेल. बद्रुद्दीननी मान हलवली, पण वहीत काही लिहिलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून हौसा म्हणाली, "सावलीनं काय व्हतंय? ती खाडीच्या पान्यात पोट भिजवून येते नि वलीच अंड्यांवर बसते."

बद्रुद्दीननी पेन उघडलं. त्यांनी तिला बाहेर बसायची विनंती केली आणि एकेक विचारू लागले. हौसा सांगत गेली. अंडी चार असतात, टोकं आत करून ठेवलेली आणि खड्यांसारखी दिसणारी. माणूस जवळ आला की टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत त्याला अंड्यांपासून लांब नेते. आईनं हाक दिली की पिल्लं आहेत तिथेच दगडासारखी पडून राहतात. तिवरांच्या झाडीतला कोल्हा ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या खातो. मादीनं बघावं म्हणून चिखलातला बारका खेकडा आपली एकच मोठी नांगी वर करून हलवतो. दोन तास गेले आणि वहीची अकरा पानं भरली. मास्तरांनी मध्येच देवमाशाची गोष्ट काढून पाहिली. बद्रुद्दीननी ती अदबीनं ऐकली आणि पुन्हा हौसाकडे वळले.

पाहुणे गेल्यावर मास्तर म्हणाले की, पुरुष माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही. त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच हौसा म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली. तिच्या चेहऱ्यावर एक नवाच तजेला होता. तो आपल्यामुळे आलेला नाही, हे मास्तरांना सलत राहिलं.

पंधरा दिवसांनी मुंबईहून पत्र आलं. पाकिटावर मास्तरांचं नाव होतं, पण आत लिहिलं होतं, 'सौ. हौसाबाईंना वाचून दाखवावे.' तीन प्रश्न होते. पोट भिजवतं कोण, नर की मादी? एका दुपारी किती वेळा? आभाळ असलं तर काय? शेवटी लिहिलं होतं की, बाईंची नजर दहा पुस्तकांच्या तोडीची आहे.

ते शेवटचं वाक्य मास्तरांनी तीनदा वाचलं. हौसा चार हातांवर तांदूळ निवडत होती. कुणाचं पत्र म्हणून तिनं विचारलं, तर शाळेचं आहे असं त्यांनी सांगितलं. मग दार लोटून त्यांनी स्वतःच उत्तर लिहिलं. फक्त मादीच भिजवते, दुपारी तीन वेळा, आभाळ असेल तर मुळीच नाही. 'आम्ही उभयतांनी पाहिल्याप्रमाणे' असं मुद्दाम घातलं. आलेलं पत्र त्यांनी ट्रंकेत, जुन्या हजेरीपत्रकांखाली सरकवलं. नंतर आणखी दोन पत्रं आली. तीही तिथेच गेली.

दिवाळीच्या सुमारास एका मासिकात बद्रुद्दीनचं टिपण छापून आलं. त्यात 'पनवेलचे निरीक्षक श्री. धर्मराज यांच्या माहितीनुसार' असा उल्लेख होता. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. मास्तरांना राहवेना. घरी येऊन त्यांनी ते हौसाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

ती मासळी साफ करत होती. "एकटी मादी नाय," ती म्हणाली, "दोघं आळीपाळीनं भिजवतात. तुमाला कोनी सांगितलं?"

पुस्तकात आहे, असं मास्तर म्हणाले. मग पुस्तकात चुकलं असंल, असं म्हणून ती पुन्हा कामाला लागली. मास्तर त्या दिवशी धड जेवले नाहीत. आपण खोटं बोललो याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. तिला काहीही न वाचता खरं ठाऊक आहे, हे मात्र सहन होत नव्हतं.

चैत्रात बद्रुद्दीन पुन्हा आले आणि तिघं हौसाच्या माहेरच्या मिठागरावर गेले. भर दुपार होती. डोक्यावर ओलं फडकं टाकून ते बांधाच्या आडोशाला बसले. अंड्यांवरची टिटवी चोच उघडून धापा टाकत होती. थोड्या वेळानं दुसरी आली. पोटाची पिसं भिजून चिकटलेली. पहिली उठून पाण्याकडे गेली, दुसरी अंड्यांवर बसली आणि हळूच अंग हलवून तिनं त्यांना ओल लावली. बद्रुद्दीन बराच वेळ दुर्बीण खाली करेनात.

मग ते हौसाला म्हणाले, "माफ करा, पण आपल्या पत्रात होतं की मादी एकटीच भिजवते. इथे तर दोघंही दिसतात."

"मी कुटं पत्र लिवलं?" हौसा म्हणाली. "नि नर-मादी दिसायला सारखीच. लांबून नुसती मादी कोन वळखनार?"

एवढं बोलून ती थांबली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर चपलेला लागलेला चिखल काडीनं काढू लागले. घड्याळ बघून ऊन फार झाल्याचं बद्रुद्दीन म्हणाले.

घरी आल्यावर हौसानं पत्रं मागितली. मास्तरांनी ट्रंक उघडली. वाचा, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी तिन्ही पत्रं पहिल्या ओळीपासून वाचली. दहा पुस्तकांच्या वाक्यावर आवाज अडखळला, पण गाळलं काही नाही. ती भांडेल असं त्यांना वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं पत्रांच्या घड्या घातल्या आणि आपल्या लुगड्यांमध्ये ठेवून दिल्या.

चार दिवसांनी मास्तरच म्हणाले, "तू सांग, मी लिहितो. जसंच्या तसं लिहीन."

"नको," हौसा म्हणाली. "सफूराबाई लिवून देतील."

सफूराबाई म्हणजे बद्रुद्दीनची बहीण, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली. बाजाराच्या दिवशी हौसा तिच्याकडे तास-दीड तास बसू लागली. पत्रं आता तिथेच यायची. तिथून येताना ती हसऱ्या चेहऱ्यानं यायची. आज काय लिहिलं, असं विचारायचं मास्तरांच्या अगदी ओठांवर यायचं, पण ते विचारत नसत. पुढे मासिकात दुरुस्ती छापून आली. खाली 'सौ. हौसाबाई, कामोठे' असं नाव होतं. ती त्यांनी वाचनालयात उभ्यानं वाचली आणि अंक पुन्हा जागेवर ठेवला.

पुढच्या वर्षी वैशाखात ती माहेरी निघाली तेव्हा न बोलावता तेही बरोबर गेले. बांधावरून चालताना एक टिटवी त्यांच्या पुढ्यात पंख ओढत लंगडू लागली. जखमी आहे असं वाटून ते तिच्या मागे वीस-पंचवीस पावलं गेले, तशी ती टिवटिवत उडून गेली. हे सोंग त्यांनी हौसाच्याच तोंडून ऐकलं होतं, पोरांना शिकवलंही होतं. मागे वळून पाहिलं तर हौसा होती तिथेच उभी होती.

"अंडी कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

तिनं बोट दाखवलं. मास्तरांनी टिटवीच्या मागे जायला सुरुवात केली होती त्या पावलापासून वीतभरावर खड्यांत खडे होऊन चार अंडी होती. ते वाकून बघत राहिले. पण त्यांच्या मनात आधी आलं ते हेच, की हिला ती आपल्या आधी दिसली होती.