खाडीच्या पानाचं कुलूप

आकाशने लॅपटॉप क्षिप्राकडे वळवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. कोडच्या जंजाळात तिने महिन्यापूर्वी घातलेला पासवर्ड जसाच्या तसा दिसत होता.

"वैनी, हे कुलूप नुसतं दाखवायला. किल्ली दारालाच लटकलीये. पेजचा कोड कोणीपण बघू शकतो."

"म्हणजे कोणीही आत येऊन लिहू शकतं?"

"आलाच ना कोणीतरी."

कोणीतरी. क्षिप्राला तो शब्द आवडला नाही. आशुतोष गेल्यावर त्याच्या कॅमेऱ्यात उरलेले फोटो तिने त्याच्या या वेबपानावर चढवले होते. नेरूळच्या खाडीतले पक्षीच पक्षी. नावं तिला कुठली ठाऊक? फोटोंखालची जागा तिने रिकामीच सोडली. परक्यांची नजर नको म्हणून यूट्यूबवर बघून कुलूपही लावलं. आणि परवा एका फोटोखाली आपोआप ओळ आली होती: ‘शेकाट्या. क्षिप्रा याला उगाच बगळा म्हणते.’

वाचून तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता. बगळा ती नवऱ्याला चिडवायला म्हणायची, तेही फक्त घरात.

आकाश आशुतोषच्या ऑफिसातला. कामात पक्का, आणि भुताखेतांना हसण्यावारी नेणारा.

"पक्षीवाल्या ग्रुपमधला कोणीतरी असेल. दादा गमतीत बोलले असतील त्याच्याजवळ. टेन्शन नका घेऊ, आता खरं कुलूप लावू."

चहा निवेपर्यंत त्याने ते लावलंही. पासवर्ड ठरला की फोटो, मजकूर, सगळ्याची निरर्थक अक्षरं होणार होती.

"आता पासवर्ड तुम्ही ठरवा. तो टाकला तरच हे परत वाचता येणार. तो कुठेच साठवलेला नाही, मीपण बघणार नाही. बदलायचा तर आधीचा माहीत पाहिजे. आणि जवळच्या माणसाला सुचेल असं काही टाकू नका हां."

तो कप घेऊन गॅलरीत गेला. क्षिप्राने सुचतील ती अक्षरं आणि आकडे भराभर दाबले. मग हात थांबला. दार असं लागलं तर आशुतोष बाहेरच राहील. तिने सगळं खोडलं. वाशीत एका उडप्याकडे आशुतोषने तिला लग्नाचं विचारलं होतं, घाबरून शर्टावर सांबार सांडत. ते हॉटेल कधीच बंद पडलं होतं. तिने त्या हॉटेलचं नाव टाकलं.

"झालं?" आकाशने आत येत विचारलं.

"झालं."

"कोणाला सुचण्यासारखं नाही ना?"

"नाही रे," ती कप उचलत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून तिने पान उघडायला घेतलं. पासवर्ड टाकला. चुकीचा. सावकाश, नीट बघून पुन्हा टाकला. चुकीचाच. तिने फोन उचलून आकाशचं नाव काढलं, आणि त्याचं बोलणं तिला आठवलं. बदलायचा तर आधीचा माहीत पाहिजे.

तिने फोन पालथा ठेवला. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणायचं? पण उठून जावंसं मात्र वाटत नव्हतं. काल तिने आशुतोषला सुचेल असा शब्द ठेवला होता. आज तिला सुचायला हवा होता.

लग्नाची तारीख टाकली. चूक. तो मारायचा ती हाक टाकली. तीही चूक.

क्षिप्रा बराच वेळ धाकट्या खोलीच्या दाराकडे बघत बसली. त्या खोलीत आता इस्त्रीचे कपडे पडलेले असत. पोटातच गेलेल्या मुलीसाठी दोघांनी एक नाव ठरवलं होतं. ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि पुढे एकमेकांसमोरही त्यांनी ते घेतलं नाही.

तिने ते एका बोटाने, एकेक अक्षर करत लिहिलं.

पान उघडलं.