न दिसणारी लाली

भाच्याच्या लग्नात आपला मेकअप बोरिवलीच्या जाऊबाईंच्या डोळ्यांत भरलाच पाहिजे, असं ठरवून अनुपमा परब मुलुंडच्या मॉलमध्ये शिरली. मागच्या लग्नात जाऊबाईंनी चारचौघींत विचारलं होतं, "काय गं, तशीच आलीस?"

काउंटरवरच्या श्रुतिकाने तिच्या गालांवर महागड्या ब्लशच्या नव्या शेड एकामागून एक अदबीने फिरवल्या. प्रत्येक वेळी अनुपमाने आरशात पाहिलं. प्रत्येक वेळी आरशात अनुपमाच होती.

"लावलंस ना गं?"

"लावलं ना मॅम. लक्झरी पावडरची हीच तर खासियत! लावलंय हे कळतच नाही."

"कळत नाही, तर एवढे पैसे कसले?"

"न कळण्याचेच आहेत मॅम."

अनुपमाने यावर नीट विचार केला. "बरं, गाल राहू दे. डबी मिटताना मोठा आवाज होईल, असा ब्लश आहे का?"

श्रुतिकाच्या ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न नव्हता. तरी तिने निरनिराळ्या डब्या उघडून-मिटून दाखवल्या. पहिली अगदीच मिळमिळीत निघाली. दुसरी बरी होती, पण हॉलमध्ये सनई चालू असते. तिसरी अशी खटकन मिटली, की पलीकडे लिपस्टिक बघणाऱ्या एक बाई वळल्या. त्यांनी डबीवरचं नाव वाचलं आणि मग अनुपमाचे गाल निरखले.

"किती सुंदर लावलंय हो!" त्या म्हणाल्या.

"हीच दे," अनुपमा श्रुतिकाला म्हणाली.

"हिच्यात शेड कोणती देऊ मॅम?"

"असेल ती दे."