पूर्वेकडची खोली

बाळ येणार, ही बातमी तिने फक्त सासूबाईंना सांगितली होती. म्हणजे गल्लीभर सांगितल्यासारखंच झालं. कोट शिवायला टाकणारी गिऱ्हाइकंसुद्धा माप देता देता विचारू लागली, "मग, कधी आणताय?"

ती घरीच कोट शिवायची. नवरा शहराच्या बसवर चालक. मूल होत नाही म्हणून दवाखाने झाले, औषधं झाली, एकमेकांवर चिडणंही झालं. शेवटी दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं. संस्थेच्या बाई येऊन घर बघून गेल्या, मग बराच काळ काहीच नाही आणि एके दिवशी फोन आला, "एक मुलगी आहे. बघायला या."

ते तिथे होते तेवढा सगळा वेळ मुलगी झोपून राहिली. तरी परत येताना नवरा म्हणाला, "स्वभावाने शांत वाटते."

"झोपेत सगळेच शांत असतात. तुम्हीसुद्धा," ती म्हणाली, आणि दोघंही खूप दिवसांनी मोकळं हसले.

पूर्वेकडची खोली त्यांनी रिकामी केली. नवऱ्याने भिंतींना फिकट पिवळा रंग दिला, जुना पाळणा कुणाकडून तरी आणून घासूनपुसून ठेवला. सासूबाईंनी स्वेटर विणला. तिने उरलेल्या निळ्या कापडातून एक एवढासा कोट शिवला, आत मऊ अस्तर लावून. एवढ्या लहान बाह्या तिने कधी शिवल्या नव्हत्या, दोनदा उसवाव्या लागल्या.

मुलगी घरी यायच्या आदल्या आठवड्यात संस्थेच्या बाईंचा पुन्हा फोन आला. मुलीची आजी पुढे आली होती. तिला इतके दिवस पत्ताच नव्हता की आपल्याला नात आहे. कळलं तशी धावत आली, नातीला मीच सांभाळणार म्हणाली, आणि कायद्याने तिचाच हक्क पहिला होता.

"यात कुणाची चूक नाही हो," बाई म्हणाल्या.

तेच तर वाईट होतं. चिडायचं कुणावर? तिने फोन ठेवला, हातातल्या कोटाचं काज पुरं केलं, मगच नवऱ्याला सांगितलं. उठून त्याने पूर्वेकडच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

ते तसंच राहिलं. तो दोन पाळ्या करू लागला. ती शिवत राहिली, पण हात जड झाले होते, साध्या शिवणीही वाकड्या जायच्या. लोक समजूत घालायला यायचे. कुणी म्हणे होतं ते बऱ्यासाठीच, कुणी म्हणे दुसरी मिळेल. जणू काही बाजारात आवडीचं कापड संपलं होतं. ती "हो हो" म्हणायची आणि टाचण्या तोंडात धरायची, म्हणजे पुढे बोलावं लागत नसे.

एका सकाळी सासूबाई टेबलावर पार्सल बांधताना दिसल्या. आत पिवळा स्वेटर होता.

"कुणाला पाठवताय?"

"तिला. पत्ता देत नाहीत, पण संस्थेच्या बाई पोचवतील म्हणाल्या. मी विचारलंय."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "आई, ती आपली नाही आता! कशाला पुन्हा तेच उकरून काढताय?"

सासूबाईंना नको ते ऐकू येत नसे. पण हे ऐकू आलं. "आपली नाही म्हणून थंडी वाजायची थांबणार आहे का तिला? तिच्याच मापाचा विणलाय. इथं पडून कुणाच्या अंगाला लागणार आहे?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मलाही जड जातंय गं. म्हणून तर पटकन बांधतेय."

ती मशीनवर जाऊन बसली. पायाखाली मशीनचं पायडल होतं, पण पाय हलेना. थोड्या वेळाने ती उठली, पूर्वेकडच्या खोलीचं दार उघडलं. खोलीभर ऊन पडलं होतं. पाळण्यावर धूळ बसली होती. निळा कोट तिने झटकला, छातीशी धरला आणि तिथेच जमिनीवर बसून मनसोक्त रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग तोंड धुऊन तिने तो इस्त्री केला आणि सासूबाईंच्या हातात दिला. "हा सगळ्यात वर ठेवा. चुरगळेल नाहीतर."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा शिवणयंत्र पूर्वेकडच्या खोलीत, खिडकीपाशी होतं. तो दारातच थांबला.

"म्हणजे तू ठरवूनच टाकलंस?"

"काही ठरवलं नाही. पुढच्या खोलीत उजेड कमी पडतो, इथे छान येतो. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही मला."

"आणि पाळणा?"

"तो कोपऱ्यात आहे. काढायचा की ठेवायचा, ते तुम्ही सांगा. मी एकटी नाही ठरवणार."

तो आत येऊन मशीनच्या स्टुलावर बसला. गणवेशही काढला नव्हता. "मला दोन पाळ्या नकोत गं," तो म्हणाला. "घरी यायची भीती वाटायची, म्हणून घेत होतो."

"माहीत आहे मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही घरी असता तर बोलले असते."

त्यावर तो हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले. जेवण झाल्यावर दोघांनी मिळून पाळणा पुसला आणि चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात तिच्याकडे इतकी कामं आली की नवरा सुटीच्या दिवशी बटणं लावू लागला. घट्ट लावायचा, इतकी की गिऱ्हाइकं तक्रार करत. अशाच एका दुपारी संस्थेच्या बाईंनी फोन केला. यादीत नाव ठेवायचं की काढायचं, एवढंच विचारायला. नवऱ्याने फोनवर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"ठेवा म्हणावं," ती म्हणाली. "आणि अहो, मोठं मूल असलं तरी चालेल, तेही सांगा."

त्याने तसं सांगितलं. मग दोघं पुन्हा कामाला बसले. संध्याकाळपर्यंत तीन कोट पोचवायचे होते.