पाटीवर माझं नाव, भाकर दुसरीची

मित्रांनो, आधी राजेश्रीबद्दलचं माझं गाऱ्हाणं सांगते, मग माझी ओळख. या बाईनं माझ्या तोंडात लाल बल्ब खुपसलाय. त्याच्याभोवती नारिंगी कागद चुरगाळून लावलाय, म्हणजे लांबून विस्तव वाटावा. गिऱ्हाइकं येतात, माझ्याजवळ उकिडवी बसून फोटो काढतात आणि जेवायला निघून जातात. माझ्या पोटात काडी जळत नाही. जळते ती मीच.

मी एक जुनी चूल आहे. देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात, अगदी दारासमोर माझी जागा. मला पार्वतीबाईनं घडवलं. ओढ्याची चिकणमाती आणली, तिच्यात भुसा आणि शेण घातलं, पायांनी तुडवून लोण्यासारखी मऊ केली. मला सावलीत वाळवलं. उन्हात घाई केली असती तर तेव्हाच तडकले असते. मागच्या अंगाला वैल, म्हणजे दुसरं लहान तोंड, काढला; पुढं भाकर भाजायची आणि मागं त्याच आगीवर कालवण रटरटायचं. रोज पांढऱ्या मातीचा ओला हात माझ्या अंगावरून फिरायचा. पहिली भाकर टाकायच्या आधी पार्वतीबाई चिमूटभर पीठ विस्तवात सोडायची आणि म्हणायची, "आधी तू खा माय, मग लोकं."

तेव्हा हॉटेल म्हणजे चार पत्रे होते. कापसाच्या गाड्या घेऊन सेलूला निघालेले लोक थांबायचे, एसटीचे कंडक्टर थांबायचे. भाकर तव्यावरून उतरली की माझ्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी राहायची आणि टम्म फुगायची. लोक बोटं चाटत म्हणायचे, "पार्वतीबाईच्या हाताला चव हाय." हात तिचाच, मान्य. पण विस्तव कुणाचा होता? ते कुणी म्हणायचं नाही.

पुढं पार्वतीबाईचे गुडघे गेले आणि ती घरी बसली. तिचा मुलगा बजरंग आणि सून राजेश्री हॉटेल बघू लागले. पत्रे गेले, स्लॅब आला. दारावर भली मोठी पाटी लागली, 'पार्वतीबाईची चूल. अस्सल चुलीवरचं जेवण.' पाटीवर माझा फोटो, माझ्याहून मोठा. मला वाटलं, आता आपले दिवस आले.

आणि त्याच आठवड्यात पडद्यामागं ती आली. गॅसची शेगडी. तीन तोंडांची, चकचकीत, निळ्या जिभेची.

मित्रांनो, राजेश्री तिला रोज साबणानं अंघोळ घालते. तिचं एखादं तोंड तुंबलं तर बजरंग टाचणी घेऊन असा बसतो, जसा लेकराच्या पायातला काटा काढायलाय. इकडं माझ्या वैलात मुंग्यांनी वारूळ केलं, त्याची कुणाला खबर नाही. सवतीला संसार आणि मला नुसतं कुंकू! सैपाक तिचा आणि नाव माझं.

पण नावानं चव येत नाही. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, "चुलीचा वास न्हाई यायला." तेव्हा राजेश्रीनं युक्ती काढली. पेटता कोळसा वाटीत ठेवायचा, त्यावर तूप सोडायचं, वाटी पिठल्याच्या पातेल्यात ठेवून वर झाकण घालायचं. झाला धूर. मला पेटवायचं सोडून धुराचं सोंग!

परवाच्या रविवारी चारठाण्याहून किशनराव आले. एकेकाळी कापसाची गाडी घेऊन यायचे तेव्हा माझ्याशेजारीच बसायचे. आता ऑपरेशन झालेलं, तोंडाची चव गेलेली. ताट बघितलं की मान फिरवायचे. लेक निवेदिता रडकुंडीला आली होती. शेवटी त्यांनी स्वतःच तोंड उघडलं, "देवगाव फाट्यावरची भाकर खाईन." तिनं लगेच गाडी काढली.

त्या दिवशी गर्दी लय होती. शेगडीची तिन्ही तोंडं गुंतलेली. मग राजेश्रीनं कोळसा पेटवला देवापुढच्या कापरावर, आणि अर्धवट जळालेल्या कापरासकट वाटी पातेल्यात ठेवली.

ताट आलं. किशनरावांनी भाकर मोडायला घेतली. मोडेना. दोन्ही हातांनी ओढली.

"निवे, ही भाकर हाय का चप्पलचं चामडं?"

"सकाळची असंल, आण्णा. पिठलं गरम हाय, त्याच्यासंगं खा."

त्यांनी घास तोंडाजवळ नेला आणि थांबले. "कापराचा वास यायलाय."

"काहीतरीच तुमचं!" निवेदितानं बोट लावून चाखलं आणि ते ओढणीला पुसलं.

"बाई," किशनरावांनी राजेश्रीला हाक मारली, "हे खायचं का ओवाळायचं?"

मित्रांनो, माझ्या मनात ढोल वाजले! घे म्हणलं निळ्या जिभेचे, घे शाबासकी!

"काका, चुलीवरचंच हाय," राजेश्री म्हणाली. "धुराचा वास असतो तसा."

"धूर मी काय आज पहिल्यांदा खायलो?"

ते उठले. भाकर हातात घेऊन हळूहळू माझ्याजवळ आले. वाकून, पूर्वीसारखी, त्यांनी ती माझ्या तोंडाशी उभी केली. जरा वेळ वाट बघितली. मग कागद बाजूला सारला. बल्ब त्यांच्याकडं बघत होता.

"पार्वतीबाई गेल्या का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई हो, घरी हायत," बजरंग पुटपुटला.

"मग चूल गेली म्हणायची."

ते परत जाऊन बसले आणि भरल्या ताटात हात धुतला. निवेदिता त्या ताटाकडं बघतच राहिली. माझे ढोल तिथंच थांबले. शेगडीची फजिती झाली होती, पण उपाशी उठला तो माझा माणूस, आणि माझं नाव ऐकून आलेला.

बजरंगनं बल्बची वायर उपटली. "काका, घडीभर बसा." मागच्या शेतातून तो कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा घेऊन आला.

"आवं, स्लॅब काळा हुईल!" राजेश्री ओरडली.

"होऊ दे. तू पीठ मळ."

मी पेटले. पण किती दिवसांची ओल अंगात मुरलेली! नुसता धूर. मग जाळ लागला आणि डाव्या बाजूला माझं अंग तडकलं. मित्रांनो, मातीच्या वस्तूला फार काही लागत नाही. रोज एक ओला हात फिरवा, ती तुमच्या नातवंडांनाही जेवू घालील. नुसती सजवून ठेवली की अशी फुटते.

राजेश्रीची पहिली भाकर फाटली. दुसरी निखाऱ्यांसमोर उभी राहिली आणि फुगली. किशनरावांनी मुठीनं कांदा फोडला, ठेचा घेतला आणि खाऊ लागले. ताट पुसून झाल्यावर ते म्हणाले, "अजून चतकोर दे माय." निवेदितानं पाठ फिरवून ओढणीनं डोळे टिपले.

पडद्यामागं शेगडी सूं सूं करत होती. करू दे.

विस्तव फुरफुरला की जाणती माणसं म्हणतात, चूल बोलायली. राजेश्री माझ्यापुढं फुंकणी घेऊन बसली होती, डोळे लाल, नाकाला राख. मी फुरफुरले आणि तिला तोंडावर सांगितलं,

"राजेश्री, गॅसवर सैपाक कर, खुशाल कर, मी काय तुझा हात धरायले का? पण त्या शेगडीनं शिजवलेलं माझ्या नावानं वाढू नको. उद्यापासून एक तर मला पेटव, न्हाईतर पाटीवरून माझं नाव पूस."