चिमणाचा ताल

“चोर हाईसा तुमी, सायेब! शिकल्यालं, इस्तरीच्या कापडातलं चोर. माज्या बायकूचा ताल चोरलासा.”

आकाराम गवंडी साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात उभ्याउभ्याच बोलला. मॅनेजर उदयसिंहांनी समोरच्या खुर्चीकडं हात केला. नकाशावर वाकलेली आर्किटेक्ट संयोगिता तशीच वाकलेली राहिली.

“बसा मामा. चहा सांगतो.”

“च्या माज्या घरात हाय. ताल न्हाय.”

ताल म्हणजे उतारावरची माती पावसात वाहून जाऊ नये म्हणून शेताच्या कडेला रचलेला दगडांचा बांध. सिमेंट नाही, चुना नाही, दगडावर दगड. आकारामच्या बायकोनं, चिमणानं, आपल्या ओढ्यालगतच्या तुकड्यात तो अकरा उन्हाळे रचला होता. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायचं, आणि दिवस कलला की नांगरटीत निघालेले दगड डोक्यावरून वाहायचे. आकाराम बांधावर उभा राहून हसायचा.

“बैल मुतल्यागत चाललाय की गं तुजा ताल!”

“पानी सरळ येतंय व्हय डोंगरावरनं?” चिमणा म्हणायची, आणि पुढचा दगड बसवायची.

त्यानं कधी एका दगडाला हात लावला नाही. गवंडी माणूस, छत्तीस वर्षं ओळंबा धरलेला. उचगावातल्या त्याच्या भिंतींना अजून केसाइतका वाक नाही. असल्या वाकड्या कामाला त्यानं हात लावायचा?

चिमणा गेली त्याला चार पावसाळे झाले. लेक हुपरीला दिलेली, ती सणाला येते. घरात बोलायला चूल, आणि ती बोलत नाही.

मग डोंगराच्या कुशीत वायनरी आली. द्राक्षं तासगावकडून येणार, पिणारे पुण्याहून येणार, आणि आमच्या गावाच्या वाट्याला काय, तर दगड उचलायचा रोजगार! इमारत मात्र अशी हवी की दारात येईपर्यंत दिसता कामा नये. छपरावर माती, मातीवर डोंगराचंच गवत, आणि पुढची लांबलचक भिंत जुन्या तालासारखी.

पहिल्याच दिवशी संयोगितानं आकारामची दोरी सोडायला लावली.

“मामा, ओळंबा नको. ही भिंत कुणी बांधलीय असं वाटायलाच नको.”

“मग मला कशाला बलवलंसा, म्याडम? दरड कोसळायची वाट बगा की. फुकटात हुईल.”

गडी हसले, तीही हसली. पण त्याच्या हाताला वाकडं जमेना. त्यानं भिंत तीनदा उभी केली, तिनं तीनदा पाडायला लावली. तिसऱ्यांदा तिनं मोबाइल पुढं केला.

“ही बघा. अशी पाहिजे. खाली ओढ्याजवळ काढलाय फोटो. ज्यानं रचली त्याला पाणी कळत होतं.”

आकारामनं मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

“ज्यानं न्हवं म्याडम, जिनं. बायकू हाय माजी ती.”

त्या संध्याकाळी तो तालाकडं गेला. कुठं वळलाय, कुठं आत झुकलाय, पावलांनी मापून आला. पुढच्या आठवड्यात भिंत चालू लागली, अगदी डोंगराला फुटल्यागत. दर सोमवारी साइटला सुट्टी. तो भाकरी बांधून तालापाशी जाऊन बसू लागला. “शिकलो गं,” एवढंच एकदा म्हणाला.

भिंत निम्मी झाली आणि उदयसिंहांच्या डोळ्यात नवा दगड खुपायला लागला. जुना हवा, दगडफूल चढलेला, पांढुरक्या हिरव्या चकत्यांचा. असला दगड खाणीत मिळत नाही, त्याला ऊन-पाऊस खावा लागतो. शुक्रवारी ट्रॉली आली, शनिवारी दुसरी आली.

“कुटनं आणलास रं? झकास हाय माल!” आकारामनं ड्रायव्हरला विचारलं.

“घावला खालतीकडं.”

तीन दिवस त्यानं ते दगड लावले. हात कुठं अडखळला नाही. आपल्या लावलेल्यात ते असे मिसळले की कुठं जुनं संपतं आणि कुठं नवं सुरू होतं ते कुणाला कळू नये. संयोगितानं टाळी वाजवली. तो लाजला.

सोमवारी भाकरी घेऊन गेला, तर ताल नव्हता. दगडाखाली वर्षानुवर्षं दबलेली ओली माती तेवढी वाकडीतिकडी उघडी पडली होती, आणि तिच्यावर दोन विंचू सावली शोधत फिरत होते.

भाकरी न सोडता तो रात्रभर तिथंच बसला आणि मंगळवारी सकाळी सरळ ऑफिसात शिरला.

“मोजणीत तो ताल आमच्या हद्दीत येतो,” उदयसिंह म्हणाले. “कागद दाखवतो.”

“हद्द तुमची आसंल. दगड कुनी वाह्यलं?”

संयोगिता हळूच म्हणाली, “सर, हे दगड तिथले आहेत हे मला सांगितलं नव्हतं.”

“फोटू तुमीच काडलासा न्हवं, म्याडम?”

तिनं नकाशा गुंडाळायला घेतला.

उदयसिंह घड्याळ बघत उठले. “वाद नको. चला भिंतीकडं. तुमचे दगड ओळखा मामा, माझी माणसं आत्ता काढून देतील. एकूण एक. झालं?”

आकाराम भिंतीशी गेला. एका टोकाला तळवा टेकवला आणि चालू लागला. खडबडीत, गार, पुन्हा खडबडीत. दगडफूल सगळीकडं. एका दगडापाशी थांबला, त्यावरची माती अंगठ्यानं पुसली, पुढं गेला. दुसऱ्या टोकाला पोचून परत फिरला. गडी हातातलं काम टाकून बघत होते. कुणी हसलं नाही.

परत आला तेव्हा तळव्यावर पांढुरकी भुकटी होती. ती त्यानं झटकली नाही. मूठ मिटून घेतली.

“मला वळकंना, सायेब. तीस वर्सं मी वाकच बगून हसलो, दगड कदी बगितला न्हाय. पर नेताना तुमच्या मानसांनी एकेक हातात धरलाय. तुमी तर मोजणी केलीसा, कागद केलासा.”

त्यानं मिटलेली मूठ भिंतीकडं केली.

“सांगा आता. ह्यातला तिचा कुटला?”